तांबड्या शब्दाची भावकी

ईएसआर, म्हणजे ‘एरिथ्रोसाइट सेडिमेंटेशन रेट’, रक्तातल्या तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात ते पाहण्याची तपासणी. तो लावला की एक तास हाताशी उरतो. सायट्रेट घातलेले रक्त काचेच्या लांब, बारीक नळीत शून्याच्या खुणेपर्यंत ओढून घ्यायचे, नळी स्टँडमध्ये अगदी सरळ उभी करायची आणि घड्याळ लावायचे. मग तिला हात लावायचा नाही. तांबड्या पेशी आपापल्या वजनाने खाली बसू लागतात, वर पिवळसर नितळ पाणी सुटत जाते. तासाभराने ते पाणी किती मिलिमीटर सुटले तेवढे वाचायचे. अंगात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग असला तर पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर उतरतात. गेली २७ वर्षे मी हे काम करते, त्यातली बरीचशी रात्रपाळीला. रात्री नमुने कमी येतात. माझे जे काही वाचन झाले ते असे तासातासांनी झाले.

अशाच एका तासात एका जाडजूड इंग्रजी शब्दकोशात मी ‘रेड’ हा शब्द काढून बघितला. काढायचे तसे काही कारण नव्हते. पाचवीला इंग्रजी सुरू झाले त्या पहिल्या आठवड्यातला तो शब्द. त्याचा अर्थ कोण शोधेल? पण त्या कोशाच्या शेवटी जुन्या धातूंची, म्हणजे शब्दांच्या मुळांची, यादी होती आणि ‘रेड’च्या पुढे त्या यादीकडे जाण्याची खूण होती. पाने उलटत मागे गेले. तिथे ‘रेउध्’ असा काहीसा उच्चार होईल असे एक मूळ दिले होते, त्याच्या डोक्यावर एक चांदणी होती आणि खाली त्याची सगळी लेकरेबाळे मांडली होती. ‘रेड’. ‘रस्ट’, म्हणजे गंज. ‘रूबी’, म्हणजे माणिक. ‘रूज’, गालाला लावायची लाली. ग्रीकमधून आलेला ‘एरिथ्रो’, जो मी रोज पन्नासदा लिहिते. आणि एका ओळीत, संस्कृत: रुधिर.

मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तशीच बसले. हे समजायला माझ्या वर्गातली एक दुपार सांगावी लागेल.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरजवळच्या एका खेड्यातली, शाळा पूर्ण मराठी. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात रक्ताभिसरण नव्हते, ‘रुधिराभिसरण’ होते. तो शब्द मला फार आवडायचा. त्यात हृदयाचे ठोके ऐकू येतात असे वाटायचे. पुढे शहरात लॅब टेक्निशियनच्या कोर्सला गेले. पहिल्याच महिन्यात शिकवणाऱ्यांनी एक नळी उंच धरली आणि माझ्याकडे बोट करून इंग्रजीत विचारले, यात काय आहे? मी उभी राहिले आणि तोंडातून निघाले, “रुधिर, सर.” सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, “इथं रुधिर-बिधिर चालायचं नाही. एरिथ्रोसाइट म्हण. रेड ब्लड सेल म्हण.” त्यानंतर कित्येक महिने मी वर्गात आपणहून तोंड उघडले नाही. एरिथ्रोसाइट, एरिथ्रोपॉएसिस, एरिथ्रोब्लास्ट असे एकेक शब्द रात्री वहीत वीस-वीसदा लिहून पाठ केले.

आणि आता कोश सांगत होता की सरांनी दिलेले दोन्ही शब्द, ‘रेड’ आणि ‘एरिथ्रो’, माझ्या रुधिराचेच भाऊबंद आहेत. एकच शब्द तीन घरांत वाढलेला. त्या दुपारी त्या खोलीत हे कुणालाच ठाऊक नव्हते. मलाही नाही.

हे सगळे असे आहे हे कशावरून? मला तर ते आधी खरेच वाटले नाही. नादसाम्यावर किती फसायला होते हे आपण सगळेच जाणतो. दोन अक्षरे जुळली की नाते लावायचे हा जुना छंद आहे. म्हणून पुढचे कित्येक तास मी त्याच्या मागे लागले. भाषांचा अभ्यास करणारे लोक एका शब्दाच्या सारखेपणावर नाते ठरवत नाहीत. ते म्हणतात, एक आवाज जर बदलला असेल तर तो सगळीकडे एकाच शिस्तीने बदललेला दिसला पाहिजे. रुधिरातला ‘ध’ इंग्रजीत ‘ड’ झाला असेल, तर दुसऱ्या शब्दांतही तसेच झालेले सापडले पाहिजे. आणि सापडते. विधवा, तिकडे ‘विडो’. मध्य, तिकडे ‘मिड’. मधु, तिकडे ‘मीड’, म्हणजे मधाची दारू. संस्कृतात गाईच्या कासेला ऊधस् म्हणतात, इंग्रजीत ‘अडर’. विधवा, मध, गाईची कास, मधोमध: हे काही कुणी बाजारातून उसने आणायचे शब्द नव्हेत. घरात असतात तसलेच आहेत.

ग्रीकांनी त्याच ‘ध’चा ‘थ’ केला, म्हणून ‘एरिथ्रोस’. लॅटिनमध्ये या जागी ‘ब’ आला, म्हणून ‘रुबेर’, आणि कास म्हणजे ‘ऊबेर’. एका रांगेतले शब्द दुसऱ्या रांगेशी असे पायरी पायरीने जुळत जातात. हा नियम याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ मध्ये नीट मांडला. त्याच्याही आधी, २ फेब्रुवारी १७८६ रोजी, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स या न्यायाधीशाने सांगितले होते की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य इतके आहे की त्या एकाच उगमातून निघालेल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता शिल्लकही नसेल.

शिल्लक नाहीच. धातूच्या डोक्यावरच्या त्या चांदणीचा अर्थ तोच. चांदणी म्हणजे हा शब्द कुठे कोरलेला, लिहिलेला सापडलेला नाही. लेकरांच्या तोंडावळ्यावरून आईचा चेहरा काढावा तसा तो काढलेला आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती भाषा बोलणारे लोक पाच-सहा हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मुलखात राहत होते. त्यांतले काही पश्चिमेला सरकले, काही पूर्वेला. आयरिशमध्ये ‘रुआ’, जर्मनमध्ये ‘रोट’, लिथुआनियनमध्ये ‘राउदोनास’, आणि तिकडे चीनच्या पश्चिम टोकाला, वाळवंटाच्या कडेला, तोखारी नावाच्या आता मेलेल्या भाषेत ‘रात्रे’. सगळ्यांचा अर्थ तांबडा.

इथे मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे, कारण हा विषय काढला की कुणीतरी लगेच म्हणते, “म्हणजे इंग्रजी आपल्या संस्कृतातूनच निघाली!” तसे नाही. आमच्या गावाकडे भावकी आणि सोयरीक या दोन गोष्टी वेगळ्या असतात आणि भावकीतही बाप कोण, चुलत भाऊ कोण हे चोख सांगावे लागते, नाहीतर सातबारावर भांडण उभे राहते. ‘रेड’ हा रुधिराचा मुलगा नव्हे. चुलत भाऊ आहे. पुरावा याच शब्दात आहे. संस्कृतात याच मुळापासून दुसरे विशेषण झाले, रोहित. त्यात संस्कृतने मूळच्या ‘ध’मधला दाताला लागणारा भाग टाकून दिला, नुसता ‘ह’ ठेवला. (पुढे प्राकृतात हेच सर्रास झाले, मधूक वृक्षाचा मोह झाला तो असाच.) इंग्रजीने मात्र निदान ‘ड’ सांभाळला. म्हणजे रोहितपेक्षा ‘रेड’ या एका बाबतीत आजोबांच्या जास्त जवळ आहे, आणि रुधिर ‘रेड’पेक्षा. वारशातली भांडी अशीच वाटली जातात. तांब्या एकाकडे, परात दुसऱ्याकडे.

मला चुलत भाऊ हे नाते आईपेक्षा कमी वाटत नाही. त्या दुपारी आई असण्याचा अभिमान मला काहीच उपयोगाचा नव्हता. आपण परके नाही एवढे कळले असते तरी पुष्कळ होते.

भावकीत नसलेलेही सांगितले पाहिजेत. ‘रक्त’ हा शब्द रुधिराशी अर्थाने जुळा, पण रक्ताने नव्हे! तो रंज् धातूपासून आला. रक्त म्हणजे रंगवलेले. आपला ‘रंग’ त्याच घरातला. रताळेही तिथलेच, रक्तालूचे रताळे. ‘लाल’ फारसीतून आला. ‘तांबडा’ हा ताम्रापासून, तांब्याच्या भांड्यावरून. म्हणजे आपण मराठीत रोज बोलताना जे रंगाचे शब्द वापरतो त्यांत ते जुने मूळ कुठेच नाही. इंग्रजीने ते सिग्नलच्या दिव्याला, मुलांच्या खडूला, सहीच्या शाईला रोजच्या वापरात ठेवले. आपल्याकडे ते विशेषण म्हणून हरवले.

पण गेले कुठे? मी शोधत राहिले तसे ते मला एकेका कोपऱ्यात सापडत गेले, आणि त्या जागा पाहून मला फार आनंद झाला.

एक जागा लोहाराच्या भात्यापाशी. रोहितचेच दुसरे रूप लोहित. र आणि ल आपल्याकडे पूर्वीपासून जागा बदलत आलेत. लोह म्हणजे आधी लोखंड नव्हतेच. लोह म्हणजे तांबडा धातू, तांबे. लोखंड आल्यावर नाव त्याच्याकडे गेले, आणि लोहार, लोखंड, लोहचुंबक हे सगळे त्याच्या मागून आले. पलीकडे इंग्रजीत, लोखंडावर चढणाऱ्या तांबड्या गंजाला ‘रस्ट’ म्हणतात, तोही याच मुळाचा. हजारो वर्षांच्या अंतराने एका भावाने धातूला नाव दिले आणि दुसऱ्याने त्या धातूच्या आजाराला.

रक्त तांबडे दिसते ते हिमोग्लोबिनमुळे, आणि त्याच्या प्रत्येक कणाच्या पोटात लोहाचे चार अणू असतात. मी रोज रिपोर्टवर हिमोग्लोबिन लिहिते, “लोह कमी आहे, गोळ्या घ्या,” असे डॉक्टर बायांना सांगतात. रुधिर आणि लोह हे शब्द भाऊ आहेत हे ज्यांनी ते शब्द घडवले त्यांनी रक्तातले लोह पाहून ठरवले नव्हते; त्यांना फक्त रंग दिसत होता. तरी पहिल्यांदा हे दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तसाच मंगळ. त्याला आपल्याकडे लोहितांग म्हणतात, तांबड्या अंगाचा. तो तांबडा आहे तो त्याच्या मातीतल्या गंजलेल्या लोहामुळे.

दुसरी जागा शेतात, पण तिथे नाते शब्दाचे नाही, डोळ्यांचे आहे. गव्हाच्या पानावर तांबूस भुकटी धरते, ती बोटाला लागते. आमचे आण्णा त्याला तांबेरा म्हणत. तांबेरा धरला की ते गप्प होत. काही भागांत गेरवा म्हणतात. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे त्यात तोच शब्द. इंग्रज शेतकरी त्याला ‘रस्ट’ म्हणतो. आणि रोमन शेतकरी ‘रोबिगो’ म्हणत असे, हाही आपल्या तांबड्या मुळाचाच. त्या रोगाची त्यांनी देवता केली होती. दरवर्षी २५ एप्रिलला तिचा सण असे, आमच्या गव्हाला हात लावू नको म्हणून कुत्र्याचा बळी देत. एकाने तांब्यावरून नाव ठेवले, एकाने गेरूवरून, दोघांनी जुन्या मुळावरून. पण बांधावर उभे राहून बोट तांबडे झालेले पाहणारा माणूस सगळीकडे एकच. आण्णांना मी हे सांगू शकले नाही, ते तोवर गेले होते.

गेरूवरून आठवले. लॅटिनमध्ये गेरूला ‘रुब्रिका’ म्हणत. जुन्या हस्तलिखितांत मथळे, सूचना तांबड्या शाईने लिहीत, त्यावरून इंग्रजीत तसल्या मथळ्यालाच ‘रुब्रिक’ म्हणू लागले, आणि आता शाळेत गुण कसे द्यायचे त्याच्या तक्त्याला म्हणतात. आमच्या घरी एक पोथी होती, तिच्यात ओव्यांचे आकडे आणि अध्यायाची समाप्ती तांबड्यात होती. आजी त्या तांबड्या जागांवर बोट टेकवून नमस्कार करायची.

आता तेरची गोष्ट. शाळेची सहल तेरच्या लामतुरे संग्रहालयात गेली होती. मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या पाहिल्या आणि गुरुजींनी सांगितले की इथला माल पार रोमपर्यंत जायचा. तेव्हा मला ते गोष्टीसारखे वाटले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या खलाशी-व्यापाऱ्याने बंदराबंदरांची माहिती लिहून ठेवली. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. त्यात पैठण आहे, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’, म्हणजे आमचे तेर. तिथून गाड्यांत भरून कापड भडोचला जाते असे तो लिहितो. त्याच्या त्या लिखाणाचे नाव आहे ‘एरिथ्रा समुद्राची सफर’. एरिथ्रा, म्हणजे तांबडा. ग्रीक लोक त्या नावात फक्त आजचा तांबडा समुद्र धरत नव्हते, आपला अरबी समुद्रही धरत होते. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर ज्या लाटा येतात त्यांना कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी रुधिराच्या चुलत भावाचे नाव दिले होते, आणि त्याच वहीत माझ्या गावाशेजारचे गाव होते. मला वर्गात ‘एरिथ्रो’ परका वाटला होता. तो तर तेरपर्यंत येऊन गेलेला होता.

व्यापाराच्या वाटेने शब्द उलटेही गेले. ही सोयरीक. संस्कृतातले नारंग फारसीत गेले, तिथून अरबीत, मग स्पेन-इटली-फ्रान्स करत इंग्लंडात ‘ऑरेंज’ म्हणून पोचले. आधी फळ पोचले, रंगाचे नाव म्हणून तो शब्द सोळाव्या शतकाच्या सुमारास रुळला. त्याआधी इंग्रजाला तांबडे आणि नारिंगी यांच्यासाठी मिळून एकच शब्द होता, ‘रेड’. म्हणून तर छातीवर स्वच्छ नारिंगी पिसे असलेल्या त्यांच्या त्या छोट्या पाखराला ते आजही रॉबिन ‘रेडब्रेस्ट’ म्हणतात, नारिंगी केसांना ‘रेड हेअर’ म्हणतात, आणि त्यांच्या जुन्या कवितांत सोनेसुद्धा ‘रेड’ असते. आपल्याकडून गेलेल्या फळाने ‘रेड’च्या वतनातला एक तुकडा मागून घेतला. राग यावा असे त्यात काही नाही. लग्नात जमीन आंदण द्यावी तसे झाले.

‘रेड’चा उच्चारही थोडा बदलला. जुन्या इंग्रजीत तो लांब स्वराचा ‘रेआड’ होता, पुढे आखडून ‘रेड’ झाला, जसे ‘ब्रेड’ आणि ‘डेड’ आखडले. ‘रीड’ हे आडनाव मात्र लांब स्वर धरून बसले आहे. तांबूस केसांच्या कुठल्यातरी पूर्वजावरून पडलेले ते नाव. ‘रसेल’ तसेच, ‘रूफस’ तसेच. आणि आपल्याकडे, ज्याच्या-त्याच्या वर्गात एक तरी असतोच, रोहित.

रोहित म्हणजे रोहू मासाही. आणि त्याचे स्त्रीलिंग रोहिणी.

आण्णांच्या तोंडी हा शब्द मी सर्वांत जास्त ऐकला. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत येतो, मग ते दिवसातून दहादा आभाळाकडे बघत. “रोहिणी बरसल्या तर बरं होईल, जमीन थंड होईल,” असे म्हणत. मला वाटायचे रोहिणी म्हणजे पाऊस. ती चांदणी आहे, आणि ती तांबूस आहे म्हणून रोहिणी आहे, हे मला त्या कोशानंतर उमगले. गंमत अशी की रोहिणी ‘लागते’ तेव्हा ती दिसतच नाही; सूर्यच तिच्यापाशी असतो, त्याच्या उजेडात ती बुडून जाते. आण्णा ज्या दिवसांत तिचे नाव घ्यायचे, त्या दिवसांत तिला कधीच बघू शकले नसतील. ती बघायची तर हिवाळ्यात. डिसेंबरच्या सुरुवातीला मध्यरात्री ती आपल्या मुलखात जवळजवळ डोक्यावर येते.

परवा रात्री बारा वाजता एक नमुना आला. आजोबा होते, पंधरा दिवस ताप. ईएसआर लावला, घड्याळ लावले आणि शाल घेऊन गच्चीवर गेले. हवा कोरडी होती. मान पूर्ण मागे टाकली तेव्हा कृत्तिकांच्या झुबक्याच्या थोडे पूर्वेला ती दिसली. रक्तासारखी लाल नाही. निखाऱ्यावर राख धरू लागते तेव्हा आतून दिसतो तो रंग. आपल्या सूर्याहून कितीतरी मोठी, म्हातारी चांदणी आहे ती, आणि तिचा उजेड इथवर यायला ६५ वर्षे लागतात. म्हणजे मी पाहत होते तो उजेड निघाला तेव्हा आण्णा शाळेत जात असतील.

“रुधिर, सर,” असे मी मोठ्याने म्हणून पाहिले. गच्चीवर कुणी नव्हते.

खाली येऊन नळीपुढे वाकले. पिवळे पाणी ७२ मिलिमीटर सुटले होते. रजिस्टरमध्ये ‘एरिथ्रोसाइट’च्या रकान्यात तो आकडा लिहिला, त्याच्याभोवती तांबड्या पेनने गोल केला आणि वॉर्डात फोन लावला.